मांसासाठी कोंबड्यांचा संकर: ठाणे जिल्ह्यात पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

मुरबाड, शहापूर, भिवंडी, अंबरनाथ या पट्ट्यात गावठी कोंबडीला गिऱ्हाईक कमी पडत नाही. ठाणे, कल्याण आणि नवी मुंबईचे लोक ब्रॉयलरपेक्षा जास्त पैसे मोजून ती नेतात. अडचण वजनाची आहे. गावठी पक्षी विकण्याजोगा व्हायला पाच-सहा महिने लागतात आणि तोवर त्याने खाल्लेलं खाद्य नफा गिळून टाकतं. संकराचा उपयोग इथेच होतो. काटकपणा आणि घट्ट मांस गावठीसारखं ठेवायचं, पण पक्षी बारा ते चौदा आठवड्यांत विक्रीला काढायचा.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या: संकरातून निघालेला पक्षी विकायचा असतो, पुढच्या पिढीसाठी ठेवायचा नसतो. नवखे लोक सगळ्यात जास्त इथे चुकतात. पहिल्या संकरात एक कोंबडा जोरदार निघतो, तो मोह पाडतो, विकायचा राहतो आणि आपल्याच बहिणींवर सोडला जातो. पुढची पिल्लं मग कुणी आजोबासारखी, कुणी आजीसारखी, कुणी मधलीच निघतात. दोन वेगळ्या जातींच्या मिलनातून आलेला जोम एकाच पिढीत निम्म्यावर येतो आणि कळपातला सारखेपणा जातो. एकाच दिवशी जन्मलेल्या पिल्लांत वजनाचा दुपटीचा फरक पडला, तर व्यापारी मोठी उचलतो आणि लहान तुमच्या गळ्यात राहतात. म्हणून शुद्ध आईबाप वेगळे सांभाळायचे आणि दर तुकडीला संकर नव्याने करायचा.

संकराकडून काय अपेक्षा ठेवायची, तेही समजून घ्या. जोम सगळ्या गुणांत सारखा दिसत नाही. पिल्लं जगण्याचं प्रमाण, अंड्यांची संख्या, अंडी फळणं आणि उबणं यांत तो चांगला दिसतो. वजन मात्र बरंचसं आईबापांच्या मधोमध पडतं, त्याहून थोडं वर. वजन आईबापांत नसेल, तर ते पिल्लांत येणार नाही. म्हणून मांसासाठी संकर करायचा तर अर्धं काम नुसतं वजन करून बाप निवडण्याचं आहे.

कोणता कोंबडा, कोणती कोंबडी

जड अंगाचा कोंबडा आणि भरपूर अंडी देणारी कोंबडी अशी जोडी लावा. उलटं केलंत, तर पिल्लांचं वजन जवळपास तेवढंच येईल, पण अंडी कमी पडतील. जड जातीची कोंबडी खाते जास्त आणि घालते कमी, त्यामुळे एकेक पिल्लू महाग पडतं.

सुरुवातीला असील कोंबडा आणि ऱ्होड आयलंड रेड कोंबडी ही जोडी घ्यावी असं आमचं ठाम मत आहे. असील हा आपल्याच देशातला पक्षी, मूळ पट्टा आंध्र, छत्तीसगड, ओडिशाचा. रुंद छाती, जाड मांड्या, घट्ट मांस आणि तीन-चार किलोंचा पूर्ण वाढलेला कोंबडा. आज जगभर ब्रॉयलरचा बाप म्हणून वापरली जाणारी कॉर्निश जात इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये तयार झाली, तीसुद्धा असीलचं रक्त घालूनच. असीलचे दोष दोन: सुरुवातीची वाढ संथ आणि अंडी वर्षाला शंभराच्या आत. हे दोन्ही दोष ऱ्होड आयलंड रेड भरून काढते. तिची पिल्लं लवकर वाढतात, कोंबडी वर्षाला दीड-दोनशे अंडी देते, आणि अडीच-तीन किलोंची असल्याने असील कोंबड्याचा भार तिला पेलतो. पिल्लांचा रंग लाल-तपकिरीकडे झुकतो, बाजारात गिऱ्हाईकाला तो गावठीच वाटतो.

सव्वा-दीड किलोच्या अस्सल गावठी कोंबडीवर असील सोडू नका. तिची पाठ सोलवटते, पंखाखाली नखांच्या जखमा होतात, ती कोंबड्याला टाळू लागते आणि निम्मी अंडी फळतच नाहीत.

ब्रॉयलरचा कोंबडा राखून तो गावठीवर सोडण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. पिल्लं भराभर वाढतात हे खरं. पण विक्रीचा ब्रॉयलर स्वतःच चार वेगवेगळ्या वंशांचा संकर असतो, म्हणजे त्याची पिल्लं एकसारखी निघणार नाहीत. शिवाय त्याला लहानपणापासून मोजून खाद्य दिलं नाही, तर तो पायांतून जातो, चढू शकत नाही, आणि एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात एखाद्या दुपारी हृदय बंद पडून मरतो. नवख्याने या वाटेला जाऊ नये. गिरिराज, वनराज हे सुधारित पक्षीही मुळात संकरच आहेत. ते वाढवून विकायला उत्तम, पण त्यांची घरची अंडी उबवून तेच गुण परत मिळत नाहीत. आठवडी बाजारात गावठी म्हणून मिळणाऱ्या कोंबड्यांत अशांचं रक्त किती मिसळलंय हे डोळ्यांनी कळत नाही, त्यामुळे आईबाप तिथून घेऊ नका.

उघड्या मानेची कोंबडी हा आपल्या हवामानासाठी फार मोलाचा आणि फार दुर्लक्षित पर्याय आहे. तिच्या अंगावर पिसं मुळातच कमी, त्यामुळे उष्णता बाहेर टाकणं सोपं जातं. हा गुण एकाच बाजूने आला तरी दिसतो. दोन्ही बाजूंनी उघड्या मानेचा वारसा असलेला कोंबडा कुठल्याही कोंबडीवर सोडलात, तर सगळी पिल्लं उघड्या मानेची निघतात. निम्मीच निघाली, तर कोंबड्यात तो वारसा एकाच बाजूचा आहे असं समजा. मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा झुबका असलेला कोंबडा बहुतेकदा असा अर्धवट वारशाचा असतो, घेताना तो टाळा.

कडकनाथ वाढीसाठी वापरू नका, वीस आठवड्यांनाही तो जेमतेम किलोभर भरतो. काळ्या मांसाला भाव आहे म्हणून पांढऱ्या किंवा पिवळ्या पायांच्या कोंबडीवर कडकनाथ कोंबडा सोडला, तर माद्या काळ्या निघतात आणि नर फिके. उलट जोडी लावली, म्हणजे कडकनाथ कोंबडी आणि फिक्या पायांचा कोंबडा, तर नर-मादी दोन्ही फिके. कारण काळेपणा दाबणारा गुण नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतो. असा संकर कडकनाथ म्हणून विकणं ही शुद्ध फसवणूक आहे.

पक्षी आणायचे कुठून

ऱ्होड आयलंड रेडची एक दिवसाची पिल्लं पशुसंवर्धन खात्याच्या उबवणी केंद्रांतून मिळतात, त्यांपैकी एक पुण्यात खडकीला आहे. गोरेगावच्या आरे कॉलनीत केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संस्थेचं केंद्र आहे. पिल्लं, अंडी आणि प्रशिक्षण यांची चौकशी तिथेही करा, ठाण्याहून ते जवळ पडतं. मागणी बरीच आधी नोंदवावी लागते.

लहान प्रमाणावर काम करणाऱ्याने दोन्ही जाती घरी राखण्याचा अट्टहास करू नये. कोंबड्या दर दीड-दोन वर्षांनी खात्रीच्या केंद्रातून नव्या आणा आणि असीलचा वंश तेवढा घरी जपा. पण असील जपायचा म्हणजे एका कोंबड्यावर भागत नाही. एक कोंबडा आणि दहा कोंबड्या यांवर वंश चालवला, तर दर पिढीला जवळच्या नात्यातलं रक्त सुमारे 14 टक्क्यांनी वाढतं. चार कोंबडे आणि वीस कोंबड्या ठेवल्या, तर हाच आकडा 4 टक्क्यांच्या खाली येतो. एवढी जागा नसेल, तर तुमच्यासारख्याच दोघातिघांनी मिळून कोंबडे आलटूनपालटून वापरा. नात्यातलं रक्त वाढलं की पहिल्यांदा अंडी उबायची कमी होतात, मग पिल्लं खुजी होऊ लागतात.

बाहेरून आणलेला प्रत्येक पक्षी किमान तीन आठवडे वेगळ्या खुराड्यात, वेगळ्या भांड्यांवर ठेवा. त्या काळात तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून रक्ताची तपासणी करून घ्या. पिल्लांची पांढरी हगवण आणि मायकोप्लाझ्मा हे दोन आजार आईकडून अंड्यातूनच पिल्लांत उतरतात. एक आजारी कोंबडी सगळी तुकडी बसवते. शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत 2022 च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू आला, तेव्हा आसपासचे हजारो पक्षी नष्ट करावे लागले. दारात चुन्याची पेटी, आतल्या चपला वेगळ्या आणि व्यापाऱ्याचे पिंजरे फाटकाबाहेर, एवढं तरी पहिल्या दिवसापासून पाळा.

बाप निवडणं

असीलच्या पिल्लांना पहिल्या दिवशीच बोटांमधल्या पडद्यात भोक पाडून किंवा पंखाला पट्टी लावून खूण करा. आठव्या आणि बाराव्या आठवड्याला सकाळी, खाद्य देण्याआधी, प्रत्येक नराचं वजन करा आणि वहीत लिहा. तुलना एकाच दिवशी जन्मलेल्या, एकाच खुराड्यात वाढलेल्या नरांचीच करा. पावसाळ्यातल्या तुकडीची हिवाळ्यातल्या तुकडीशी तुलना केलीत, तर तुम्ही ऋतू निवडाल, कोंबडा नव्हे.

सगळ्यात जड दहा-पंधरा टक्के नर बाजूला काढा आणि मग त्यांचं अंग तपासा. छातीचं हाड सरळ हवं, त्याच्या दोन्ही बाजूंचं मांस बोटांना भरीव लागायला हवं. पायाची बोटं सरळ, चाल मोकळी. मागून पाहिल्यावर दोन पायांत चांगलं अंतर दिसलं पाहिजे. गुडघे आत वळलेला नर कितीही जड असो, कापायलाच जाऊ द्या. कोंबड्यांना मारणारा, माणसावर धावून येणारा असीलही नको. झुंजीसाठी राखलेल्या वंशाचे कोंबडे विकायला येतात, त्यांची किंमत रागाची असते, मांसाची नसते. आणि कोंबड्यांच्या झुंजी लावणं हा गुन्हा आहे.

प्रजननाचं खुराडं

असील कोंबडे एकत्र ठेवले की मरेपर्यंत भांडतात. म्हणून मोठं एक खुराडं करण्याऐवजी लहान तीन करा. प्रत्येकात एक कोंबडा आणि सात कोंबड्या. चार फूट बाय सहा फूट जमीन म्हणजे पक्ष्यामागे तीन चौरस फूट, एवढी पुरते. दोन कोंबडे राखीव असू द्या. कोंबड्याची नखं बोथट करा, आरा (पायामागचे टोकदार काटे) कापून गोल करा. दोन खुराड्यांमधली जाळी खालून दीड-दोन फुटांपर्यंत बारदानाने झाका, नाहीतर कोंबडे दिवसभर जाळीतून एकमेकांवर झडप घालत बसतात आणि मिलनाकडे लक्ष देत नाहीत. खाली भातगिरणीतला तूस तीन इंच पसरा. मुरबाड-शहापूरकडे तो सहज मिळतो.

कोंबडी किमान 28 आठवड्यांची झाल्याशिवाय तिची अंडी उबवायला घेऊ नका. त्याआधीची अंडी लहान असतात आणि लहान अंड्यातून लहानच पिल्लू निघतं. ते नंतर कधी भरून निघत नाही. प्रजननाच्या पक्ष्यांसाठीचं (ब्रीडर) खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा.

या कोंबड्या आधी दुसऱ्या कोंबड्याबरोबर होत्या का? मग तो काढल्यावर तीन आठवडे थांबा. कोंबडीच्या शरीरात कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकून राहतं. त्या काळातली अंडी खा किंवा विका, उबवू नका. नव्या कोंबड्यापासून आठवड्याभरात फळलेली अंडी मिळू लागतात.

हिशेब असा बसतो. एकवीस कोंबड्या, दिवसाला साठ टक्के अंडी धरली तर आठवड्याला सुमारे 88. तडकलेली, लहान, वाकडी काढून 78 उरली. त्यांतली 85 टक्के फळलेली, म्हणजे 66. त्यांतली 80 टक्के उबली तर 53 पिल्लं, आणि पहिल्या महिन्यात दोन-तीन गेली तर हातात पन्नास. शंभराची तुकडी हवी तर कोंबड्या दुप्पट लागतील. अंडी दोन आठवडे साठवून शंभर करायला जाऊ नका, सात दिवसांपुढे उबण्याचं प्रमाण झपाट्याने घसरतं.

अंडी आणि उबवणी

अंडी दिवसातून तीनदा, उन्हाळ्यात चारदा उचला. धुऊ नका, माती लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. निमुळतं टोक खाली ठेवून 15 ते 18 अंशांत साठवा. एप्रिलमध्ये आपल्याकडे खोलीतच 33-34 अंश असतात, आणि तिथे ठेवलेल्या अंड्यात गर्भ धड वाढत नाही आणि धड थांबतही नाही. मग तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरतो. थंड जागा नसेल, तर तीन दिवसांच्या वर साठवू नका.

खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला तयार झालेली, गावठी कोंबडी मिळाली, तर तिच्याखाली बारा-पंधरा अंड्यांची रवण घाला. तिच्याइतकी भरवशाची उबवणी नवख्याला यंत्रावर पहिल्या वेळी जमत नाही. पण पन्नास पिल्लं एकदम हवीत, तर यंत्र लागणारच. पंखा असलेल्या यंत्रात 37.5 ते 37.7 अंश ठेवा. पंखा नसेल तर अंड्याच्या वरच्या पातळीला 38.5 च्या आसपास. अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा, त्यानंतर हात लावू नका. आर्द्रता पहिले अठरा दिवस 50 ते 55 टक्के आणि शेवटचे तीन दिवस 65 ते 70.

पुस्तकातला हा आर्द्रतेचा आकडा ठाण्याच्या पावसाळ्यात दगा देतो. जुलैत खोलीची हवाच 85-90 टक्के ओली असते. तेव्हा अठराव्या दिवसापर्यंत यंत्रात पाण्याचा ट्रे भरायचाच नाही. खात्री करायला वजनाचा काटा वापरा. अठरा दिवसांत अंड्याचं वजन 12-13 टक्के कमी झालं पाहिजे, म्हणजे 55 ग्रॅमचं अंडं 48 ग्रॅमच्या आसपास यायला हवं. 51 ग्रॅमवर अडकलं, तर आतली हवेची पोकळी लहान राहिलीय आणि पिल्लू टोचा मारण्याआधीच आत गुदमरेल. बाराव्या दिवशी एकदा अंड्यांच्या ट्रेचं वजन घेतलंत, तर सुधारायला वेळ मिळतो.

सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडी पाहा. आरपार स्वच्छ दिसलं तर फळलेलं नाही. तीनही खुराड्यांची अंडी पेन्सिलने वेगळी खुणावली असतील, तर कोणता कोंबडा कमी पडतोय ते लगेच कळतं. लाल कडं दिसलं, तर गर्भ सुरुवातीलाच मेला, बहुधा साठवणुकीत. एकविसाव्या दिवसानंतर न फुटलेली अंडी फेकण्याआधी फोडून बघा, घाण वाटली तरी. पूर्ण वाढलेलं पिल्लू ओलं आणि फुगलेलं असेल, तर आर्द्रता जास्त होती. पडदा सुकून अंगाला चिकटला असेल, तर शेवटच्या तीन दिवसांत कोरडं पडलं किंवा तुम्ही झाकण वारंवार उघडलंत. पिल्लं एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच बाहेर आली आणि बेंबी उघडी राहिली, तर तापमान जास्त होतं. बावीस उलटून, पोट मोठं घेऊन आली, तर कमी.

वीज गेली, तर झाकण उघडू नका, वर गोधडी टाका. दोन-तीन तास निभतात. त्याहून जास्त वेळ वीज जात असेल, तर आधी इन्व्हर्टर घ्या आणि मग यंत्र.

पिल्लांचे पहिले आठवडे

ब्रूडरखाली (पिल्लांना ऊब देणाऱ्या बल्बखाली) पहिल्या आठवड्यात 33 ते 35 अंश, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. तापमापकाइतकंच पिल्लांकडेही लक्ष द्या: बल्बखाली गठ्ठा करून बसली तर थंडी, भिंतीला चिकटली आणि चोच उघडी तर उकाडा. पहिल्या दिवशी तुसावर कागद अंथरून भरडलेला मका, दुसऱ्या दिवसापासून वीस-एकवीस टक्के प्रथिनांचं स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य. असीलचं रक्त असलेली पिल्लं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासूनच भांडतात, म्हणून जागा सैल द्या. सहाव्या आठवड्यानंतर पिल्लामागे दीड चौरस फूट हवी, आणि खाद्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा.

लसी चुकवू नका. मॅरेक्स पहिल्या दिवशी, मानमोडीची (राणीखेत) लासोटा पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब, गंबोरो चौदाव्या दिवशी, लासोटा पुन्हा चौथ्या आठवड्यात, देवीची सहाव्या-सातव्या आठवड्यात आणि मानमोडीची आर-टू-बी आठ ते दहा आठवड्यांत. पावसाळ्यात तुसाची गादी ओली झाली की रक्ती हगवण आलीच म्हणून समजा. पाण्याच्या भांड्याभोवतालचा तूस रोज उलटा, ओला काढून टाका.

कधी विकायचं

सहाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला तुकडीतल्या दहा टक्के पक्ष्यांचं वजन करा आणि त्या आठवड्यात खाल्लेलं खाद्य लिहा. आठवड्याला एका पक्ष्याने 600 ग्रॅम खाल्लं आणि वजन 120 ग्रॅमने वाढलं, तर एक किलो वजनाला पाच किलो खाद्य गेलं. खाद्याचा भाव गुणिले पाच, हा आकडा पक्ष्याच्या किलोच्या भावाजवळ पोचला की विका. पुढचा प्रत्येक आठवडा तुमच्या खिशातून जातो. नर माद्यांच्या आधी या रेषेला पोचतात की नंतर, ते प्रत्येक तुकडीत वेगळं वजन घेऊनच पाहा आणि दोघांना वेगवेगळ्या दिवशी विका.

आपल्याकडची मागणी गटारीला शिगेला पोचते आणि श्रावण लागताच पडते. चुकलात, तर तयार पक्षी महिनाभर फुकट खात बसतो. नवरात्र आणि मार्गशीर्षातही मंदी असते. पुढे 31 डिसेंबर, मग गावोगावच्या जत्रा, शिमगा आणि आगरी-कोळ्यांच्या हळदी. त्यामुळे कॅलेंडर उलट्या बाजूने मोजा. गटारी 29 जुलैच्या आसपास असेल, तर चौदा आठवडे मागे 22 एप्रिलला पिल्लं निघाली पाहिजेत, 1 एप्रिलला अंडी यंत्रात गेली पाहिजेत, 25 मार्चपासून ती गोळा करायला हवीत. खुराड्यातला जुना कोंबडा बदलायचा असेल, तर तो मार्चच्या पहिल्या आठवड्यातच काढा. गटारी दर वर्षी सरकते, त्यामुळे नव्या वर्षाचं पंचांग हाती येताच ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि केंद्राकडची पिल्लांची मागणीही त्याच हिशेबाने नोंदवा.